सोडिअमच्या खालचे घर

बाळारामभाऊ,

प्रश्न आधी मांडते. आवर्तसारणीच्या एका उभ्या स्तंभातील मूलद्रव्ये एकमेकांसारखी वागतात, असे मी एकोणतीस वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना शिकवत आले. हे विधान कुठपर्यंत खरे आहे? आणि जिथे ते खरे राहत नाही, ती जागा मी तुम्हाला दाखवली होती का?

दुसऱ्या भागाचे उत्तर मला ठाऊक आहे. नाही दाखवली. पहिल्या भागाचे उत्तर मी पुस्तकांतून पुन्हा तपासले, आणि ते आज तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. शाळेच्या वार्षिकासाठी तुमच्याविषयी चार ओळी मागितल्या होत्या, त्या मी लिहून दिल्या. प्रयोगशाळा परिचर म्हणून सेवेची वर्षे, निवृत्तीचे वर्ष, कामसू, मितभाषी. त्या ओळींत एकही चूक नाही, आणि त्यांत तुम्हीही नाही. मितभाषी तर तुम्ही कधीच नव्हता.

मी पेणच्या शाळेत रुजू झाले तेव्हा तुम्ही तिथे सहा वर्षे जुने होता. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "हे बाळाराम, प्रयोगशाळेच्या किल्ल्या यांच्याकडे." तुम्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "आधी बघून घ्या बाई, मग किल्ल्या. आत काय काय हाय ते कलाया पायजे." आणि तुम्ही मला एकेक कपाट उघडून दाखवलेत. रॉकेलात बुडवून ठेवलेल्या दोन बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर होत्या. एकीत सोडिअम, दुसरीत पोटॅशिअम. तुम्ही सोडिअमच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणालात, "ह्यो पाण्यात टाकला की पलतो, इकडून तिकडं." मग दुसरीकडे, "ह्यो पेटतो. दोघांना शेजारी ठेवलंय, पण सारखं समजू नका."

हे वाक्य मला गेल्या बावीस दिवसांत किती वेळा आठवले, ते लिहीत नाही.

तुमच्या खाडीकडच्या गावातली माणसे मिठागरावर वाढलेली. तुम्हीही विशी ओलांडेपर्यंत वडिलांबरोबर वाफ्यांत उभे होता. बांध फुटून खारे पाणी आत बसले, मिठागर बंद पडले, म्हणून तुम्ही शाळेत आलात. पण जिभेची सवय तुमच्याबरोबर आली होती. मी आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात दमटपणामुळे काही बाटल्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. मी वहीत नोंदी काढून, कोणती बाटली कोणती असावी याची यादी करत होते. तुम्ही एका बाटलीतला पांढरा खडा काढून सरळ जिभेवर ठेवलात.

"खायचं मीठ हाय, बाई. लिवा."

मी तुम्हाला तीन वेळा चूळ भरायला लावली. त्याच दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगाने लिहून घेतले : प्रयोगशाळेत कोणताही पदार्थ चाखू नये. तुम्ही ती पाटी वाचून म्हणालात, "ही माझ्यासाठीच हाय ना? मग खाली माझं नाव पण लिवा." नंतर मी त्या खड्याची रीतसर परीक्षा केली. ज्योतीला पिवळा रंग आला, सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका बसला. सोडिअम क्लोराइडच होते. तुमचे बरोबर होते. तसे मी तुम्हाला सांगितले नाही. नियम मोडणाऱ्याचे उत्तर बरोबर आले तरी शाबासकी देऊ नये, अशी माझी त्या वेळची समज होती.

पण तुमच्याकडून मी शिकत होते, हेही मी कधी सांगितले नाही. स्फटिकीकरण हा धडा मी पुस्तकातून शिकवायचे. तुम्ही एकदा वर्गाच्या दारात उभे राहून ऐकलेत आणि तास संपल्यावर म्हणालात, "बाई, सगलं पाणी आटवाचं नाय. तिथंच लोक चुकतात." मग तुम्ही समजावलेत, की मीठ धरून झाले की वाफ्यात जे पाणी उरते ते कडू असते. ते वेळेवर सोडून द्यावे लागते. लोभ धरून तेही आटवले तर मीठ कडवट होते आणि पावसाळ्यात पाझरते. मी पडताळून पाहिले. समुद्राच्या पाण्यातून आधी चुन्याचे क्षार बसतात, मग आपले मीठ, आणि शेवटच्या पाण्यात मॅग्नेशिअमचे आणि पोटॅशिअमचे क्षार राहतात. तुमच्या वडिलांना यांतल्या एकाही मूलद्रव्याचे नाव ठाऊक नव्हते. पाणी कधी सोडायचे, ते ठाऊक होते. त्या वर्षापासून हे उदाहरण मी दरवर्षी देते, आणि दरवर्षी "स्थानिक मिठागरांत" असे म्हणून देते. "आपल्या बाळारामभाऊंनी सांगितले" असे एकदाही म्हटले नाही.

अणूची रचना मात्र तुम्ही माझ्याकडून शिकलात, आणि हट्टाने शिकलात. मुले गेली की तुम्ही काळ्या दगडी ओट्यावर खडूने वर्तुळे काढायचात आणि इलेक्ट्रॉन म्हणून चिंचोके मांडायचात. मी सांगितले होते : मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन जितके, तितका अणुअंक, आणि तितकेच इलेक्ट्रॉन बाहेर. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ. सोडिअमचे अकरा चिंचोके तुम्ही बिनचूक मांडलेत : दोन, आठ, एक. तो शेवटचा एकटा चिंचोका बोटाने पुढे सरकवून तुम्ही म्हणालात, "ह्यो जानारा." मी म्हटले, "हो, क्लोरिनच्या बाहेरच्या कवचात सात आहेत. त्याला एक हवा आहे, याला एक द्यायचा आहे. दिला की दोघे मीठ झाले." तुम्ही म्हणालात, "एक पेटणारा, एक नाकातोंडात गेला तर मारणारा. आन दोघं भेटले की आपल्या आमटीत." आणि पुढे, "बाई, हे मुलांना नीट सांगा. असंतसं सांगू नका."

पोटॅशिअमला अडलात. एकोणीस चिंचोके. दोन, आठ, आठ, आणि एक. तुम्ही विचारलेत, "तिसऱ्या घरात अठरा मावतात, तुम्हीच बोललात. मग आठावरच थांबून हा चवथ्यात का गेला? आत जागा असून भाईर का बसला?"

मी उत्तर दिले, "ते वरच्या वर्गात येते."

तुम्ही हसलात. "आता मी कंच्या वरच्या वर्गात जानार?"

त्या दिवशी माझे गुणपत्रकांचे काम बाकी होते. उत्तर मला येत होते, पण ते सोपे करून सांगायला अर्धा तास लागला असता. आता सांगते. कवचाच्या आत आणखी उपकवचे असतात, आणि प्रत्येकाची ऊर्जा वेगळी असते. पोटॅशिअमच्या अणूत तिसऱ्या कवचातली जी जागा रिकामी दिसते तिची ऊर्जा चौथ्या कवचातील पहिल्या जागेपेक्षा जास्त असते. इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेची जागा धरतो. म्हणून तो बाहेर जाऊन बसतो. एवढेच होते, बाळारामभाऊ. तुम्हाला समजले असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायला तुम्हाला जावे लागले.

आपला खरा वाद त्या भिंतीवरच्या आवर्तसारणीच्या तक्त्यावरून होता. आडव्या ओळी म्हणजे आवर्ते, उभे स्तंभ म्हणजे गण, हे तुम्हाला पाठ होते. पण गणाला तुम्ही भावकी म्हणायचात, आणि मी "एका गणातील मूलद्रव्यांचे गुणधर्म सारखे" असे म्हटले की तुम्हाला राहवत नसे.

"एका भावकीतले सारखं वागतात असं कोणी सांगितलं? माझा सख्खा भाऊ बघा. माझ्या पाठचा. एकच आई, एकच बाप. तो वरश्याला कंपनीत गेला, आज माझ्याशी हिंदीत बोलतो."

मी रोह्याजवळ वरसे येथेच राहते, हे तुम्हाला ठाऊक होते, आणि म्हणूनच तुम्ही ते उदाहरण घ्यायचात. मी म्हणायचे, "भाऊ, माणसांचे सोडा. बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असेल तर वागणे सारखेच. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, तिघेही पाण्याशी तेच करतात."

"तेच करतात, पण तेवढंच नाय करत. एक पलतो, एक पेटतो."

"तो तीव्रतेचा फरक झाला. प्रकार एकच."

"बरं," तुम्ही म्हणायचात, आणि तक्त्यावरची धूळ झटकायला लागायचात. तुमचे "बरं" म्हणजे मान्य नव्हे, हे मला कळत होते. पण वादात शेवटचे वाक्य माझे राहिले याचे समाधान मला पुरत असे.

तुम्ही निवृत्त झालात आणि कासूला मुलीच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिलात. मी रोज रोह्याहून पेणला गाडीने येते, मध्ये कासू लागते. त्यामुळे आपली भेट तुटली नाही. महिन्यातून एकदा तरी सकाळच्या गाडीला तुम्ही फलाटावर उभे असायचात. गाडी मिनिटभर थांबते. त्या मिनिटात तुम्ही माझ्या हातात सुकटीची पिशवी द्यायचात आणि मी तुमची प्रकृती विचारायचे. रक्तदाब वाढला आहे, गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे, हे तुम्ही अशाच एका मिनिटात सांगितलेत. मी सुकटीच्या पिशवीकडे पाहून म्हटले, "आणि हे काय मग?" तुम्ही चालत्या गाडीबरोबर दोन पावले येत म्हणालात, "ते तुमच्यासाठी हाय. माझ्यासाठी नाय."

आता पुढचे मला क्रमाने लिहायचे आहे, कारण क्रमातच माझी चूक आहे.

आधी कागद आला. तुम्ही एकदा शाळेत मला भेटायला आलात आणि खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून एका शब्दावर बोट ठेवलेत. "बाई, हा क्रिएटिनिन म्हणजे कंच्या गणातला?" मी सांगितले, की हे मूलद्रव्य नव्हे, शरीरातले एक टाकाऊ संयुग आहे. मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात, आणि ते रक्तात वाढले असेल तर मूत्रपिंडे नीट गाळत नाहीत असे समजायचे. कागदावर आकडा वाढलेला होता. "डॉक्टरांना दाखवलेत का?" मी विचारले. तुम्ही म्हणालात, "दाखवलं. पाणी किती प्यायचं ते सांगितलंय, परत बोलावलंय." मी कागदाची घडी घालून तुमच्या हातात दिली. शब्दाचा अर्थ सांगून झाला होता. माझ्या दृष्टीने तो प्रश्न सुटला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मीठ आले. पेणच्या बाजारात एका दुकानात मी कमी सोडिअमच्या मिठाचा पुडा पाहिला. दर्शनी बाजूला लिहिले होते, की यात सोडिअमचा काही भाग पोटॅशिअमने बदललेला आहे. मला आनंद झाला. तुम्हाला जेवण अळणी लागते, ही तुमची एकच तक्रार असायची. त्यावर तक्त्यानेच उपाय दिला, असे मला वाटले. तुम्ही शाळेत आलात तेव्हा मी तो पुडा तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तळहातावर चिमूट घेतलीत आणि पाटीकडे पाहून विचारलेत, "चाखू का?"

"हे खायचेच आहे," मी म्हटले.

तुम्ही जीभ लावलीत. तोंड वाकडे केलेत. "बाई, हे मीठ नाय. मागं कडू येतंय. असलं पाणी आमी सोडून देतो."

"भाऊ, तुमच्या मिठागरातला कडूपणा मुख्यतः मॅग्नेशिअमचा. हा पोटॅशिअमचा आहे."

"ते त्या कडू पाण्यात नसतं काय?"

असते, बाळारामभाऊ. मीच तुम्हाला सांगितले होते. पण मी ते बाजूला सारले आणि फळ्यावर दोन वर्तुळे काढली. एकाखाली लिहिले २, ८, १. दुसऱ्याखाली २, ८, ८, १. शेवटच्या दोन्ही एकांभोवती खडूने गोल केला. "बघा. बाहेरचा इलेक्ट्रॉन एक, इथेही एक. सोडिअमच्या खालचेच घर आहे. क्लोरिनशी दोघांचे नाते तेच. सोडिअमने रक्तदाब वाढतो, तो यात कमी आहे. बिनधास्त खा."

"बिनधास्त" हा शब्द माझ्या तोंडात एरवी नसतो. त्या दिवशी होता.

तुम्ही फळ्याकडे पाहिलेत, तळहाताकडे पाहिलेत. "माझी जीभ नाय बोलते. पन तुमी काढून दाखवलंय. खातो."

आपल्या इतक्या वर्षांच्या वादात तुम्ही तेव्हा पहिल्यांदा हरलात. आणि मी पुड्याची मागची बाजू वाचली नव्हती. बाटलीतून द्रव ओतण्यापूर्वी चिठ्ठी दोनदा वाचा, असे मुलांना रोज सांगणाऱ्या बाईने पुडा उलटा करून पाहिला नव्हता. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते, की मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे मीठ वापरू नये. कागद मी पाहिला होता. मीठ मीच आणले होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कपाटांत राहिल्या.

पुढे वर्षभराहून अधिक काळ मी कासूच्या फलाटावर गाडीच्या दारातून तो पुडा तुमच्या हातात देत राहिले. तुम्ही पिशवी द्यायचात, मी पुडा द्यायचे. "संपला का?" "संपला बाई, दुसरा काढा." मला वाटायचे, मी तुमची काळजी घेते आहे.

शेवटच्या आठवड्यात तुमच्या पायांतला जोर गेला. उठून उभे राहता येईना. छातीत फडफड होते म्हणालात. मुलीने आणि जावयाने तुम्हाला पनवेलला नेले. तिथे रक्तात पोटॅशिअम फार वाढलेले निघाले. जे करायचे ते डॉक्टरांनी केले. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचे हृदय थांबले.

हे मला तुमच्या पत्नीने, वनितावहिनींनी सांगितले. दहावा झाल्यावर मी कासूला त्यांना भेटायला गेले. त्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.  मला पाहून म्हणाल्या, "बाई, एक इचारायचं हाय. डॉक्टरनी मना इचारलं, घरात मीठ कंचं वापरता. मी सांगितलं, आमच्या शालेतल्या बाई देतात ते हलकं मीठ. तर तो गप झाला. लिवत होता, तो लिवाचा थांबला. का थांबला?"

बाळारामभाऊ, त्या क्षणी मला खोटे बोलता आले असते. तेही शास्त्रीय भाषेत बोलता आले असते. मूत्रपिंडे आधीच थकली होती, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशिअम वाढते, वयही झाले होते. यांतले काहीही खोटे नाही. मी त्यांना ते सगळे सांगितले, पण आधी नाही. आधी सांगितले, की त्या मिठात पोटॅशिअम आहे. मूत्रपिंड ठीक असेल तर जादा पोटॅशिअम लघवीवाटे जाते. ठीक नसेल तर ते रक्तात साचते, आणि साचले की हृदय थांबू शकते. तुम्ही ते खायला नको होते. ते मी दिले.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे त्याला कडू लागत होतं ते खरं होतं?"

"कडू लागत होते ते खरे होते. पण कडू म्हणून अपाय झाला असे नाही. ज्याची मूत्रपिंडे बरी आहेत त्याला तेच मीठ..."

"मना शालेतलं नका सांगू, बाई." त्यांचा आवाज चढला नाही. "तो पयल्यांदा नको बोलत होता. मी बोलली, मग फेक. तर मनाच वरडला. ऐक गो, बाईंनी फल्यावर काढून दाखवलंय, बोलला. मग चवीला कमी लागतं म्हणून दुप्पट घालायला लावायचा. हे चालतं बोलला. कितीपन चालतं."

दुप्पट. हे मला ठाऊक नव्हते. मी प्रमाण सांगितले नव्हते. प्रमाणाशिवाय कृती लिहिली तर मी मुलांचे अर्धे गुण कापते.

त्या रडल्या नाहीत, आणि त्या मला रागेही भरल्या नाहीत. त्यांनी माफ केले असेही नाही. शेंगांची टोपली बाजूला सारून त्यांनी विचारले, "डॉक्टर बोलला का, की मिठानंच गेला?"

"नाही. नक्की सांगता येत नाही."

"कोनालाच?"

"कोणालाच."

"मग मी काय समजू?"

   त्या उठल्या, आत जाऊन मिठाचा डबा घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "ह्याचं काय ते तुमी करा. पन हे आमच्याकडंच नाय. आमच्या आलीत, शेजारच्या दोन घरी पन हाय. त्यानंच दिलंय. बीपी हाय बोललं कोन, की हा सांगाया जायचा."

म्हणून आम्ही दोघी निघालो. पहिल्या घरात एक मध्यम वयाचे गृहस्थ होते. त्यांची मूत्रपिंडे तपासलेली होती, डॉक्टरांना मिठाचे ठाऊक होते, त्यांनी चालेल म्हटले होते. मी तरी पुडा उलटून मागचे सारे त्यांना वाचून दाखवले. दुसऱ्या घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांना मधुमेह आहे, पायांवर सूज आहे, आणि तपासणी कधी केलेलीच नाही. वनितावहिनींनी त्यांना हाक मारली, "काय गो मावशे, ते मीठ कुठं हाय?" आजींनी चुलीमागे बोट दाखवले.

डब्याच्या वर, धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर, खडूने दोन अणू काढलेले होते.

मी जवळ जाऊन मोजले. मला मोजल्याशिवाय राहवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकात अकरा ठिपके, दुसऱ्यात एकोणीस. दोन, आठ, एक. दोन, आठ, आठ, एक. शेवटच्या ठिपक्यांभोवती गोल. एकही इलेक्ट्रॉन चुकला नव्हता. इतकी नेटकी आकृती माझ्या दहावीच्या वर्गात वर्षाला चार-पाच जणांना जमते. आजी म्हणाल्या, "बाळारामनं काढलंय. बोलला, दोन्ही एकच हाय, भिऊ नको."

तुम्ही माझे सर्वांत चांगले विद्यार्थी होता, हे मला त्या भिंतीपुढे कळले. मी शिकवले ते तुम्ही जसेच्या तसे पुढे नेलेत. माझ्या चुकीसकट.

डबा आम्ही घेतला. आजींना साधे मीठ दिले, तेही कमी घालायला सांगितले, आणि दोन दिवसांनी वहिनी त्यांना तपासणीला घेऊन गेल्या. अहवाल अजून आलेला नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. एका गणातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी असते, म्हणून त्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असणारे वागणे सारखे असते. पाण्याशी, क्लोरिनशी, ऑक्सिजनशी. तेवढ्यापुरते विधान खरे आहे. पण पोटॅशिअमला एक कवच अधिक आहे. शेवटचा इलेक्ट्रॉन देऊन टाकल्यावर जो आयन उरतो तो सोडिअमच्या आयनापेक्षा मोठा असतो. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात दारे आहेत, आणि ती दारे हा फरक ओळखतात. शरीर सोडिअमला मुख्यतः पेशीबाहेर ठेवते, पोटॅशिअमला मुख्यतः आत. या आत-बाहेरच्या फरकावर मज्जातंतू चालतात आणि हृदय ठोके देते. बाहेरच्या रक्तात पोटॅशिअम फार झाले की तो फरक मोडतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन सारखा असणे आणि देहात एकमेकांच्या जागी चालणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. "तेच करतात, पण तेवढंच नाय करत," असे तुम्ही म्हणाला होता. पाठ्यपुस्तकात हे वाक्य असायला हवे होते.

काल दहावीच्या वर्गात मी गण शिकवले. सारखेपणाचे वाक्य सांगितले, आणि त्यापुढे तुमचे वाक्य फळ्यावर लिहिले. या वेळी तुमचे नाव घालून. मुलांना वाटले, ते कोणी शास्त्रज्ञ असावेत. मी दुरुस्ती केली. आपल्या प्रयोगशाळेचे परिचर होते, असे सांगितले. पुढचे काही सांगता आले नाही, म्हणून त्यांना आकृत्या काढायला लावल्या.

वनितावहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. तुमच्या मृत्यूत त्या मिठाचा वाटा किती, हे कधीच कळणार नाही. हे न कळणे घेऊनच मला रोज कासूवरून जायचे आहे. क्षमा मागायची तर ती तुमच्याकडेच मागायला हवी, आणि तुम्ही "बरं" म्हटले असते. त्या "बरं"चा अर्थ मला ठाऊक आहे.

हे लिहिलेले मी छापायला देत आहे, आणि वाचणाऱ्यांपुढे एक विनंती ठेवत आहे. कमी सोडिअमचे मीठ वाईट नाही. अनेकांना डॉक्टर ते स्वतःहून सुचवतात. पण ते तुमच्या स्वयंपाकघरात असेल तर आज पुडा उलटा करून मागची अक्षरे वाचा. घरात कोणाची मूत्रपिंडे दुबळी असतील, मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते मीठ चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी वर लिहिलेले सोडिअम-पोटॅशिअमचेही माझ्या शब्दावर घेऊ नका. पुस्तक उघडा, जाणकारांना विचारा, आणि स्वतः तपासून पाहा.